तुम्ही विचारलंत म्हणून: मांजरानं खाल्लं नाही, तर इन्सुलिन टोचायचं का?

"सकाळची इन्सुलिनची वेळ झाली, पण बोक्यानं ताटलीला तोंडही लावलं नाही. टोचू का नको?" बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, म्हातारं मधुमेही मांजर सांभाळणाऱ्या घरांतून मला सगळ्यांत जास्त हाच प्रश्न येतो. माझं उत्तर: आधी साखर मोजा, मग ठरवू. अंदाजानं टोचू नका.

कारण इथं दोन चुकांचं वजन सारखं नाही. एका वेळचं इन्सुलिन चुकलं तर साखर बारा तास चढी राहते. मांजर पाणी जास्त पितं, लघवी जास्त करतं, आणि पुढच्या वेळेला डोस मिळाला की बहुतेकदा सावरतं. पण साखर उतरलेली असताना, वर पोट रिकामं असताना टोचलं, तर काही तासांत झटके येऊ शकतात, मेंदूला इजा होऊ शकते, मांजर दगावूही शकतं. म्हणून शंका आली की हात आखडता घ्यायचा.

मीटरवर (रक्तातली साखर मोजायच्या यंत्रावर, mg/dL मध्ये) 200 च्या वर आकडा आहे आणि मांजर जेवतंय, तर ठरलेला डोस द्या. आकडा 200 च्या खाली आहे आणि तुम्ही यात नवखे आहात, तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. महिनोनमहिने वही ठेवलेल्या मांजराची मर्यादा डॉक्टर आणखी खाली ठरवून देतात, तो वेगळा विषय. खरा पेच तिसरा: साखर चढी आहे, पण मांजर खात नाही. अशा वेळी पूर्ण डोस देऊ नये. अर्धा द्यायचा की थांबायचं, हे डॉक्टरांना आजच, सगळं ठीक असताना विचारा आणि उत्तर कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवा.

साखर चढी, उलटी आणि सुस्ती असं तिन्ही एकत्र दिसलं, तर नुसता डोस टाळून भागत नाही. इन्सुलिन कमी पडल्यामुळेच रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचतात आणि त्यानं मांजर झपाट्यानं खालावतं. किटोनच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. मांजर ट्रेमध्ये बसलं की मागून हलकेच लांब दांड्याची पळी सरकवायची आणि पट्टी त्या लघवीत बुडवायची. रंग जांभळ्याकडे झुकला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. किटोन नसले तरी मांजराला दोन-दोन दिवस उपाशी राहू देऊ नका, त्याच्या यकृतात चरबी साचायला लागते.

आता मोजायचं कसं, कारण निम्मी घरं इथंच माघार घेतात. कानाच्या बाहेरच्या कडेनं एक बारीक शीर जाते. उजेडासमोर कान धरला की दिसते. लॅन्सेट (थेंब काढायची बारीक सुई) शिरेत टोचायची नाही, शीर आणि कड यांच्या मधल्या अरुंद पट्टीत टोचायची. कान थंड असला तर थेंब येतच नाही, म्हणून मूठभर तांदूळ तव्यावर कोमट करून पायमोज्यात भरा, आधी आपल्या मनगटाला लावून पाहा आणि मग अर्धा मिनिट कानाला धरा. टोचायच्या जागी व्हॅसलीनचं बोट फिरवा, म्हणजे रक्त केसांत न पसरता थेंब उभा राहतो. कानामागे कापसाची घडी धरा, नाहीतर लॅन्सेट आरपार येऊन तुमच्या बोटात शिरते. मीटरच्या पट्टीचं टोक थेंबाला नुसतं टेकवा, रक्त ती आपणच ओढून घेते. मग कापूस अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे काळंनिळं होत नाही. लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या. आठवड्याभरात मांजर त्या तुकड्यासाठी स्वतःहून येऊन बसतं.

माणसाचं मीटर मांजराची साखर सहसा खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं. तरी ते चालतं, फक्त रोज तेच मीटर वापरा आणि कुठलं वापरता ते डॉक्टरांना सांगा. दवाखान्यातला एकच आकडा बघून घाबरू नका. पिशवीतून रिक्षानं आणलेल्या मांजराची साखर भीतीनंच 300 च्या वर जाऊ शकते. म्हणूनच घरचा आकडा मोलाचा. मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज हवा असेल तर डॉक्टर फ्रुक्टोसामीनची तपासणी करतात.

सगळ्यांत जास्त काळजी मला सिरिंजची वाटते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं: एका मिलीत 40 युनिट आणि एका मिलीत 100 युनिट. सिरिंजही दोन: 40 ची लाल टोपीची, 100 ची केशरी टोपीची. मांजरांना बरेच डॉक्टर ग्लार्जिन देतात (लँटस, बेसलॉग ही त्याचीच नावं) आणि ते 100 चं असतं. ते चुकून लाल टोपीच्या सिरिंजनं एका खुणेपर्यंत भरलं, तर एक नव्हे, अडीच युनिट जातात. चार किलोच्या मांजराला सुरुवातीचा डोस बहुधा एक युनिटच असतो, म्हणजे एका मिलीचा शंभरावा भाग. उलट गफलत झाली तर डोस निम्म्याहूनही कमी जातो आणि "साखर उतरतच नाही" म्हणून घरचे डोस वाढवत बसतात. दुकानात मराठीत मागा नाहीतर कन्नडमध्ये, चाळीस की शंभर, नलवत्तु की नूरु, हे बाटलीवर आणि सिरिंजवर स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली 0.3 मिलीची सिरिंज मिळाली तर तीच घ्या.

टोचताना मानेपेक्षा कुशीची सैल कातडी बरी. चिमटीत तंबू करा आणि सुई त्याच्या पायथ्याशी घाला. कधी सुई दुसऱ्या बाजूनं बाहेर येते आणि औषध केसांवर सांडतं. केस ओले लागतात, दवाखान्यासारखा वास येतो. अशा वेळी पुन्हा टोचू नका. आत किती गेलं हे कळायला मार्ग नसतो. तो डोस गेला असं धरा आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

खाण्याबद्दल थोडक्यात. दूध-भाकरी, भात, डब्यातला उरलेला कुंदा, सगळं बंद. कोरड्या दाण्यांतही पिठूळ भाग बराच असतो, ओलं मांसाहारी खाणं चांगलं. नुसत्या उकडलेल्या चिकनवर कायमचं ठेवू नका, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं आणि उकडताना टॉरिनही (मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागणारा घटक) पाण्यात जातं. कांदा-लसणाचा रस्सा तर अजिबात नको. पण हा बदल एका दिवसात करू नका. खाणं बदललं की साखर उतरते आणि कालचाच डोस आज जास्त ठरतो. बदल डॉक्टरांना सांगून, रोज मोजत करा.

साखर 60 च्या खाली गेली, किंवा मांजर डुलायला लागलं, बुबुळं मोठी झाली, अंग थरथरलं, तर मीटर शोधत बसू नका. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात दाट कालवून हिरड्यांवर चोळा. झटका चालू असताना तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. दवाखान्याकडे निघा आणि वाटेतही चोळत राहा. मधाची छोटी बाटली सिरिंजच्या डब्यातच ठेवलेली असावी.

इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्या, वितळल्यावर चांगलं दिसलं तरी. खानापूरकडे पावसाळ्यात वीज गेली म्हणून जीव टांगणीला लावू नका. खोली 30 अंशांच्या आत असेल तर वापरातली बाटली 28 दिवस टिकते. अथणी-रायबागच्या एप्रिलमध्ये मात्र वीज गेली की ती फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका. ग्लार्जिन हलवून फेसाळायचं नाही आणि गढूळ दिसलं तर वापरायचं नाही.

एका दिवसाच्या आकड्यावरून डोस वाढवू नका, ग्लार्जिनला स्थिरावायला पाच-सात दिवस लागतात. बारा तास, दर दोन तासांनी मोजून वहीत लिहा. मला सगळ्यांत खालचा आकडा 80 ते 150 च्या दरम्यान हवा असतो. डोस वाढवूनही साखर हटत नसेल तर दात किडलेत का, लघवीत संसर्ग आहे का, खाजेसाठी कुणी स्टिरॉइड दिलंय का, हे आधी बघून घ्या.

"हे आयुष्यभर का?" हेही विचारता. आजार लवकर ओळखला, खाणं बदललं आणि साखर नीट सांभाळली, तर काही मांजरांचं इन्सुलिन थोड्या महिन्यांत सुटतं. डोसाआधीचा आकडा आठवड्यागणिक उतरत जातो, डॉक्टर अर्ध्या-अर्ध्या युनिटनं कमी करत आणतात आणि एक दिवस बंद करतात. त्यानंतर मीटर माळ्यावर टाकू नका. दर रविवारी सकाळी, खायला देण्याआधी, कानाचा एक थेंब.