खोल्याच्या आतला खोला

मार्चअखेरची गोष्ट. पालघरच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात सकाळी एक ट्रॉलर धक्क्याला लागला. मी मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी, त्यामुळे आधी कागद मागितले. नोंदणी, चालू परवाना, विमा, खलाशांची ओळखपत्रं, निघतानाचं टोकन, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं होतं. मासळीच्या नोंदीत मात्र तीनच ओळी: कोळंबी, वाकटी, मिक्स. सगळ्यात मोठा आकडा 'मिक्स'समोर होता.

पाटीत हात घातला. वर मांदेली, ढोमा आणि खाली पापलेट. एकही तळहाताएवढं नव्हतं. पट्टी लावली तर कुणी ९५ मिलिमीटर, कुणी १०२, एक तर ८८. राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींची किमान लांबी ठरवून दिली, त्यात सरंग्याची, म्हणजे याच पापलेटची, १३५ मिलिमीटर आहे. पापलेटला राज्यमासा घोषित केलं तेही त्याच वर्षी. एकदाही अंडी न घातलेली ही पिल्लं आता मातीमोल भावाने जाणार होती.

"साहेब, पापलेट काय सांगून येतं जाळ्यात?" नौका चालवणारे तांडेलकाका म्हणाले.

त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. धक्क्यावर पट्टी लावून मेलेला मासा जिवंत होत नाही. म्हणूनच खरा नियम जाळ्याचा आहे: ट्रॉलच्या, म्हणजे नौकेमागे ओढत न्यायच्या जाळ्याच्या, खोल्याला (मासळी साठते ते पिशवीसारखं शेवटचं टोक) किमान ४० मिलिमीटरची चौकोनी आस (जाळ्याचं भोक) हवी. नेहमीची तिरकी आस ओढताना ताण पडला की शंकरपाळी दाबावी तशी मिटते. चौकोनी आस उघडी राहते आणि पिल्लाला निसटायला वाट मिळते.

"काका, खोला दाखवा."

बाहेरून खोला अगदी नियमातला होता, चौकोनी आणि नवाकोरा. पण दोघा खलाशांनी उचलला तेव्हा जड वाटला. उलटा करायला सांगितलं. खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. आत दुसरं जाळं शिवलेलं निघालं, आस इतकी बारीक की माझी करंगळीही जाईना. गाठीगाठीत खवले आणि जवळा चिकटलेला.

शेजारी दालदी जाळं सांधत बसलेले एक म्हातारे उठून आले. मोठ्या आसेच्या जाळ्याने पापलेट धरण्यात त्यांचा जन्म गेलेला. पाटीतलं एक पिल्लू उचलून ते तांडेलांना म्हणाले, "आमचं पुढच्या सालचं पापलेट हे असं इथं पडलंय." तांडेलकाकांनी मान खाली घातली. आतलं जाळं मालकाने लावायला सांगितलं, हे त्यांनी त्यानंतर सांगितलं. ते मी जबाबात शब्दशः घेतलं, कारण परवाना मालकाच्या नावावर असतो आणि खलाशाला पुढे करून मालक नामानिराळा राहतो, याची मला मनापासून चीड आहे.

पंचनामा झाला, जाळ्याचे फोटो घेतले, मासळीचा लिलाव करून रक्कम जमा केली. पूर्वी अशी प्रकरणं तहसीलदारांकडे जात. २०२१ च्या दुरुस्तीपासून ती आमच्याच सहायक आयुक्तांपुढे चालतात, त्यामुळे निकालाला वेग आला आहे.

जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरतात. नौका कुठे आहे, तिचा नंबर काय, हे त्यातून कळतं आणि त्याचा उपयोगही होतो. पण खोल्याच्या आत काय शिवलंय ते ड्रोनला दिसत नाही. त्यासाठी जाळं उलटं करायला माणूस लागतो, आणि खरं तर तो जुलैत लागतो, पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात जाळी किनाऱ्यावर असतात तेव्हा. हंगामाआधी प्रत्येक खोला तपासून त्याला शिक्का मारावा, असा प्रस्ताव मी वर पाठवला आहे.

माझ्या बंदरांवरच्या नोंदीत आता 'मिक्स' एवढंच लिहिलेलं मी मान्य करत नाही. माशाचं नाव आणि अंदाजे लांबी लिहायलाच लावतो. लिलावाची घाई असते, वाद होतात, व्यापारी ओरडतात. तरी लिहून घेतो.