मॉरिसच्या बंपरमधला सांधा

लंडन झालं, बाथ झालं, स्टोनहेंजही झालं. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते गेडनबद्दल. वॉरिकशरमध्ये एम-४० महामार्गालगत, एकेकाळच्या बॉम्बर विमानतळाच्या आवारात, ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. आसपास रेल्वे नाही. मामेबहीण कॉव्हेंट्रीत राहते, तिने गाडीने सोडलं म्हणून जमलं.

बरोबर मामा होते. सांगलीत त्यांचं डेंटिंगचं गॅरेज होतं. उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेल्यामुळे ते गाडीचा रंग बघतच नाहीत, आधी सांधे बघतात. जॅग्वारभोवती फोटोवाल्यांची ही गर्दी! मला अशी गर्दी सोसत नाही. पुढे सरकलो, तर मामा एका बुटक्या गाडीसमोर उकिडवे बसलेले.

"अरे, इकडे ये. बंपर मधोमध कापलाय बघ."

ती एनडब्ल्यूएल ५७६ नंबरची गाडी होती, १९४८ ची, उत्पादनातली पहिली मॉरिस मायनर. बंपरच्या दोन तुकड्यांमध्ये चार इंचांची पट्टी बसवलेली, आणि बॉनेटवरही मधून पुढे-मागे गेलेला तेवढाच रुंद उंचवटा. अलेक इसिगोनिस हा तिचा रचनाकार. स्मर्ना शहरातून (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) १९२२ साली निर्वासित होऊन निघालेला माणूस. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटायला लागली. त्याने नमुन्याची गाडी उभी कापायला लावली आणि दोन्ही अर्धे हळूहळू लांब सरकवत नेले. चार इंचांवर नजरेला पटलं, तिथे थांबला. बंपर तोवर बनून आले होते. ते फेकायचे कशाला, म्हणून कापून मध्ये पट्टी घातली.

"आपण असतो तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून सांधा गायब केला असता," मामा म्हणाले. "यांनी ठेवला तसाच. मला आवडलं."

मलाही आवडलं. आलेली माणसं मात्र या गाडीवरून नजर फिरवून पुढे जात होती, त्याचं मनापासून वाईट वाटलं. खुद्द कंपनीच्या मालकाला, लॉर्ड नफील्डला, ती पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी दिसली होती; दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी तीच ठरली. आपल्याकडे ती बेबी हिंदुस्तान नावाने आली. आणि मामांच्या हातून असंख्य वेळा सरळ झालेली अँबेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती.

इसिगोनिसचीच मिनी, ६२१ एओके, १९५९ ची. सुएझ कालव्याच्या १९५६ च्या संघर्षानंतरच्या पेट्रोलटंचाईतून जन्मलेली. इंजिन आडवं टाकलंय, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, चाकं जेमतेम दहा इंची. आतून दार उघडायला चक्क एक दोरी. अख्खी गाडी दहा फुटांची आणि चार माणसं आत! माँटे कार्लो रॅली जिंकलेल्या मिनीही आहेत, पण मला ही साधीच जास्त भावली.

लँड रोव्हर एचयूई १६६ जवळ मामा पुन्हा अडकले. युद्धानंतर पोलाद रेशनवर होतं, म्हणून अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. "हा पत्रा ठोकायला फार वाईट, एकदा ताणला की जाग्यावर बसत नाही," मामांनी तिथल्या स्वयंसेवक आजोबांना सांगितलं, मी इंग्रजीत पोचवलं. आजोबांचा चेहरा उजळला. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडासुद्धा, सपाट पट्ट्या एकमेकींना वेल्ड करून बनवलेली, हे त्यांनी वाकून, बोटाने दाखवत समजावलं. नंतर माझी गरजच उरली नाही. मामा मराठीत बोलत होते, ते इंग्रजीत, आणि विषय वेल्डिंगचा असल्यामुळे दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. इंग्लंडमध्ये आमचं इतकं अगत्य दुसऱ्या कुणी केलं नाही.