हेमिसच्या हिवाळ्यात, हळूहळू

हिमबिबट्या बघायचा तर लडाखमधल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात भर हिवाळ्यात जावं लागतं. बर्फ वाढला की भरल नावाच्या रानमेंढ्या चाऱ्यासाठी खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्या मागावर तोही उतरतो. देशभरातल्या गणनेत ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला, त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. तरीही तो दिसेलच असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. उंची आणि थंडी मात्र चुकत नाहीत.

या दिवसांत मनालीचा रस्ता बंद असतो आणि श्रीनगरच्या वाटेवरच्या जोजिला खिंडीचा भरवसा नसतो, म्हणून बहुतेक जण विमानानेच लेहला येतात. तिथेच खरी जोखीम आहे. सकाळी सपाटीवर असलेलं शरीर दुपारच्या आत ३,५०० मीटरवर पोहोचतं, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. लेहमधले पहिले दोन दिवस आम्ही फक्त विश्रांती घेतली. गरम पाणी, सूप, दुपारी उन्हात थोडी पावलं, बस्स. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच.

झिंगचेनला गाडी सोडून रुंबकची घळ धरली. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये गोठलेला ओढा. बुटांना मायक्रोस्पाइक (बर्फावर पकड देणारे छोटे खिळे) लावूनही त्या काचेसारख्या बर्फावर प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागत होतं. आमचे वाटाडे, आम्ही त्यांना आचो-ले म्हणायचो, मुद्दाम रमतगमत चालत. घाम आला की आतले कपडे ओले होतात आणि थांबल्याबरोबर ओला कपडा गारठवतो, म्हणून चढ लागायच्या आधीच ते जॅकेट उतरवायला लावत.

रुंबक साधारण ३,९०० मीटरवर आहे. गावात घरोघरी पाहुण्यांची सोय होते. आमच्या घरमालकीण आमा-लेंनी बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटवली आणि खोली उबदार झाली, पण झोपण्याआधी त्यांनी ती विझू दिली आणि खिडकीची फटही उघडी ठेवली. बंद खोलीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचला तर डोकं दुखतं, मळमळतं. म्हणजे उंची बाधल्यावर होतं तेच, आणि मग कशामुळे काय झालं हे कळत नाही. पाण्याच्या बाटल्या आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आम्ही स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गटातले एक काका गप्प गप्प झाले. वर्षानुवर्षं सह्याद्रीतले गड चढलेले, आमच्यात सर्वांत काटक. डोकं दुखत होतं, जेवण जात नव्हतं. आचो-लेंनी त्यांना टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर तिसऱ्याच पावलाला तोल गेला.

"काका, आता खाली जायचं."

"अहो, गोळी घेतलीय. सकाळपर्यंत बरं वाटेल."

"रात्री वाढलं तर या बर्फावरून अंधारात तुम्हाला उतरवू कसं?"

वाद तिथेच संपला. दोघांनी धरून त्यांना उजेड असतानाच झिंगचेनला उतरवलं आणि तिथून गाडीने लेहच्या रुग्णालयात नेलं. तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं की वाट बघायची नाही, खाली उतरायचं. काटकपणाचा इथे काही उपयोग नाही. हा निर्णय तोंडावर सांगणारा वाटाडा मला महागड्या दुर्बिणीपेक्षा मोलाचा वाटतो.

हिमबिबट्या आम्हाला दिसला. समोरच्या धारेवर, स्कोपमधून (तिपाईवरच्या दुर्बिणीतून), खडकाच्या रंगात इतका मिसळलेला की शेपूट हलली नसती तर कळलंच नसतं. जवळ जाण्याचा हट्ट कुणी केला नाही. तसल्या उतारावर ताजा बर्फ घसरतो, आणि माणसं जवळ आलेली पाहून तो शिकार सोडून निघून जातो.

लेहला परतलो तेव्हा काका ऑक्सिजन घेऊन ताजेतवाने झाले होते. त्यानंतर हवामानामुळे आमचं विमान रद्द झालं. हिवाळ्यात हे इथे नेहमीचंच, म्हणून शेवटी दोन दिवस मोकळे ठेवूनच तिकीट काढा. आणि बाहेरून आणलेलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. गटात निदान एकाकडे तरी पोस्टपेड हवं.