भोसरीत आज मेंटॉर लोकांचं ट्रेनिंग

आज भोसरी एमआयडीसीत सिनियर ऑपरेटर लोकांचं ट्रेनिंग घेतलं, अकरावी-बारावीची पोरं अप्रेंटिस म्हणून येणारेत, त्यांना शिकवायचं कसं यावर. सुरुवातीला सगळे हाताची घडी घालून, "मॅडम, पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत" हेच चालू! मग स्लाइड्स गुंडाळल्या आणि सरळ लेथवर (धातूचा तुकडा गोल फिरवून कापायचं मशीन) गेलो. एका काकांना म्हटलं, मी नवीन पोरगी समजा, चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब (कापायचा तुकडा) बांधायला शिकवा. काकांनी पटकन बांधला, "झालं, सोप्पंय." पण चक आवळायची चावी लगेच काढून ठेवली ती का, हे बोललेच नाहीत, हात आपोआपच करतो ना त्यांचा. चावी तशीच राहिली आणि मशीन चालू झालं तर ती गोळीसारखी सुटते, हे नव्या पोराला कोण सांगणार? दुसऱ्यांदा काकांनी एकेक स्टेप बोलून दाखवली, मग चावी माझ्या हातात आणि स्वतःचे हात मागे, हेच जाम जड जातं सगळ्यांना. कायद्याचंही थोडं झालं, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात किमान वय १४, धोकादायक उद्योगात १८, बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. चहाच्या वेळी काका हळूच विचारतात, मुली पण येणार का? अहो येणार म्हणजे काय, येणारच! पुढची बॅच चाकणला, ट्रॅफिकचं देवालाच माहीत.