तुम्ही विचारलंत म्हणून : होडीवरची हत्यारं

होडीवर पहिल्यांदा आलेला पाहुणा हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "उलटत नाही ना ही?" दुसरा केबिनमध्ये वाकून डोकावल्यावर येतो, "एवढ्याशा जागेत तुम्ही हत्यारं ठेवता कुठे? आणि ती गंजत नाहीत?" पहिल्याचं उत्तर 'नाही' इतकंच आहे. दुसरा प्रश्न मात्र फोनवर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर इतक्यांदा आलाय की एकदाचं लिहूनच टाकते.

आमची होडी शिडाची, फायबरची, 26 फुटी. तिघांत मिळून घेतलेली. पावसाळा सरला की गेटवेसमोर बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते, मेअखेरीस वर काढतो. केबिनमध्ये दोन बाक, बाकांखाली खण, उतरायच्या पायऱ्यांमागे छोटं डिझेल इंजिन. पुढच्या टोकाला शिडं आणि नांगराची साखळी. हत्यारांसाठी म्हणून वेगळी जागा नाहीच.

घरी आपण हत्यारं जातीनुसार ठेवतो. पाने एका कप्प्यात, पकडी दुसऱ्यात, स्क्रू ड्रायव्हर तिसऱ्यात. ते बरोबरच आहे, कारण घरचा नळ गळायला लागला तर आधी बादली लावून चहा घ्यायला सवड असते. होडीवर मी एकच गोष्ट विचारते: हे लागेल तेव्हा माझ्या हाताशी वेळ किती असेल? ज्याला क्षण मिळणार ते उघड्यावर, बसल्या जागी हात पोचेल असं. ज्याला मिनिटं मिळणार ते त्या-त्या कामाच्या शेजारी. ज्याला अर्धा दिवस मिळणार ते बाकाखाली, पाण्याच्या टाकीमागे, कुठेही.

क्षणवाल्यांत सुरी पहिली. मुंबईपासून रायगडच्या किनाऱ्यापर्यंत मासेमारीची डोल जाळी लावलेली असतात, त्यांचा दोर होडीच्या पाण्याखालच्या पंख्याला गुंतला की विचार करत बसायला वेळ नसतो. दातेरी पात्याची सुरी सुकाणूजवळ म्यानात, म्यान स्क्रूने पक्कं. डोक्याला बांधायची बॅटरी जिन्याच्या वरच्या खुंटीला. तळाला जिथे जिथे भोक पाडून पाइप घेतलाय, तिथल्या कॉकलाच निमुळती लाकडी खुंटी सुतळीने बांधलेली. पाइप फुटला, कॉक तुटला, तर खुंटी भोकात ठोकायची. ती खुंटी पेटीत नीट रचून ठेवणारे लोक मी पाहिलेत. पेटी कुठल्या खणात आहे हे त्यांनाही आठवावं लागतं. वायर कापायची मोठी कात्री, म्हणजे बोल्ट कटर, एका बाकाच्या कडेला पट्ट्याने आवळलेली. डोलकाठी मोडून पाण्यात पडली आणि होडीच्या अंगावर आपटायला लागली, तर ती बांधणाऱ्या तारा कापून सोडून द्यायला. तिची वेळ कधी येऊ नये.

आता मिनिटवाली. इथे थोडं थांबते, कारण खरी गंमत इथे आहे.

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी तळातून ओढलं जातं. ते गाळणीतून पंपात जातं, पंपात रबरी पात्यांचं चाक असतं, इम्पेलर. मुंबईच्या बंदरात या गाळणीत काय काय येतं ते विचारू नका. एकदा मांडव्याहून परतताना, संध्याकाळच्या वेळी, वारा पडलेला, इंजिनवर चाललेलो, आजूबाजूला लाँचेसची ये-जा. एग्झॉस्टचा आवाज बदलला. धुराबरोबर बाहेर पडणाऱ्या पाण्याची खळखळ थांबून कोरडा, पोकळ आवाज. आमच्यातल्या एकाने इंजिन बंद केलं आणि होडी ओहोटीबरोबर वाहायला लागली. मी खाली उतरले, वरून दुसरी पायरी उचलली. त्या पायरीच्या मागच्या अंगाला कॅनव्हासचा खिसा ठोकलाय. त्यात दहा-अकराचा फिक्स पाना, बुटका चपटा स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड आणि एक पांढरं फडकं. कॉक बंद केला, गाळणीचं झाकण पक्कडीने सैल केलं. आत घडी पडून बसलेला दुधाच्या पिशवीचा तुकडा. तो काढला, झाकण लावलं, कॉक उघडला, इंजिन लावून पाहिलं, पण पाणी तरीही येईना. म्हणजे कोरडं फिरून इम्पेलर गेला.

पंपाचं झाकण सहा बारक्या स्क्रूंवर असतं. हे स्क्रू बहुधा पितळेचे किंवा स्टेनलेसचे, त्यामुळे खाली बिल्जच्या, म्हणजे होडीच्या तळाशी साचणाऱ्या, काळ्या पाण्यात पडले तर चुंबक फिरवून मिळत नाहीत. म्हणून झाकणाला हात लावायच्या आधी खाली ते पांढरं फडकं पसरायचं. पांढरंच, कारण काळपट फडक्यावर स्क्रू दिसत नाही. जुन्या इम्पेलरची पाती मोजायची. एखादं कमी असेल तर ते पुढे पाइपात जाऊन अडकलेलं असतं, ते काढल्याशिवाय नवा बसवून उपयोग नाही. नवा इम्पेलर ग्रीस फासून त्याच खिशाशेजारच्या डब्यात, सोबत झाकणाचं गॅस्केट. सगळं त्या पायरीमागे. उठून कुठे जावं लागलं नाही, हे महत्त्वाचं. वर आले तेव्हा नांगरून उभं असलेलं एक मालवाहू जहाज मघापेक्षा बरंच मोठं दिसत होतं.

या पद्धतीचा एक परिणाम असा की आमच्याकडे दहा-अकराचे तीन पाने आहेत. एक पायरीमागे, एक डिझेलच्या फिल्टरपाशी (एअर पकडली की तिथेच लागतो), एक बॅटरीच्या खणात टर्मिनलसाठी. स्क्रू ड्रायव्हर तर चार ठिकाणी. बघणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. पण मिसळणाच्या डब्यात मोहरी आहे म्हणून कुणी फोडणीच्या वेळी मोहरीची बरणी काढायला माळ्यावर चढत नाही, तसंच हे. आणि आपल्याकडचा साधा पाना काही महाग नसतो. नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारली की सुटे पाने, हवे तेवढे. मी बहुतेक टपारियाचे घेते, नाशिकला बनतात, हरवले तर जीव तुटत नाही.

गंजाचं काय? लोकांना वाटतं पाण्यामुळे गंजतं. पाण्यापेक्षा मीठ वाईट. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं, आणि मुंबईची हवा इतकी कोरडी क्वचितच असते. म्हणजे खारं पाणी लागलेला पाना तुम्ही पुसून, वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलात तरी तो आतल्या आत ओलाच राहणार. शिवाय त्या डब्यातून ओल बाहेर जायला वाट नाही. म्हणून वापरलेलं हत्यार आधी गोड्या पाण्यात बुडवायचं, मग पुसायचं, मग तेलाचा हात. तेल शिलाई मशीनचं किंवा इंजिनचं. स्वयंपाकाचं गोडं तेल लावू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि पक्कडीचा सांधा तोंड उघडेनासा होतो. कुणी डब्यात कापराची वडी टाकतात. मी वाद घालत नाही, वास छान येतो.

"मग स्टेनलेसचेच पाने घ्या की" हा सल्ला दर पाहुण्यामागे एक. मिळतात, पण किमती बघून तुम्हीही परत ठेवाल, आणि खाऱ्या हवेत 304 ग्रेडच्या स्टेनलेसवरही तांबूस ठिपके येतातच. 316 बरं, त्यात मिठाला जास्त तोंड देणारं मॉलिब्डेनम असतं. साधा क्रोमचा पाना निगा राखली तर वर्षानुवर्षं टिकतो, फक्त क्रोमचा टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो. सगळ्यात आधी गंजतात त्या काळ्या ॲलन की. त्यांना ग्रीस फासून कागदात गुंडाळते, हात काळे झाले तरी चालतील.

सॉकेट सेटची ती ऐटदार प्लॅस्टिकची पेटी घरी आणताक्षणी फेकून द्या. निम्मी जागा हवेने भरलेली, बिजागऱ्या आधी मोडतात, आणि आत फोम असेल तर तो खारं पाणी शोषून हत्यारांना रात्रंदिवस आंघोळ घालतो. लोखंडी टूलबॉक्स तर होडीवर आणूच नये. फायबरला चरे पाडतो, गंजाचे डाग पडतात, आणि होडी एका कुशीवर कलली की तो केबिनभर धावतो. आमच्याकडे जाड कॅनव्हासच्या गुंडाळ्या आहेत, प्रत्येक हत्याराला शिवलेला कप्पा, बांधायला नाडी. एका बॅगा शिवणाऱ्याकडून करून घेतल्या. आवाज करत नाहीत, बाकाखालच्या वेड्यावाकड्या जागेतही दबून बसतात, आणि कप्पा रिकामा दिसला की काहीतरी वर डेकवर राहिलंय हे कळतं. मीठ त्याही धरतात, त्यामुळे अधूनमधून धुवाव्या लागतात. जड गुंडाळ्या मधोमध आणि तळाशी. वजन पुढच्या टोकाला नेलं तर होडी प्रत्येक लाटेत नाक बुडवते.

डेकवर काम असेल तर आमचे तांडेल काका एकच वाक्य बोलतात, "ताई, आधी दोरी, मग पाना." वर न्यायच्या प्रत्येक हत्याराच्या शेपटाला फास आहे, तो मनगटात. पान्याला भोक नसेल तर दांड्यावर दोरी आवळून वर टेप. मुंबई बंदराच्या गाळात पडलेला पाना शोधायला कुणी जात नाही. डोलकाठीवर चढलेल्या माणसाच्या हातून तो सुटला तर खालच्याच्या डोक्याचा प्रश्न असतो.

होकायंत्राचंही सांगायला हवं, कारण भिंतीवर चुंबकाची पट्टी लावून त्यावर हत्यारं चिकटवलेली चित्रं मला बरेच जण पाठवतात. दिसायला झकास. पण आमचं होकायंत्र केबिनच्या मागच्या भिंतीत बसवलेलं आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला, सुईपासून वीतभर अंतरावर लोखंड किंवा चुंबक ठेवला तर सुई खुशाल खोटं सांगते. सुकाणूवाला बाहेर, त्याला आत काय ठेवलंय ते दिसतही नाही. कुठलीही नवी वस्तू त्या भागात ठेवायची झाली की एकाने होकायंत्राकडे बघायचं, दुसऱ्याने ती वस्तू आणायची-न्यायची. सुई हलली की जागा बदला. आणि शिवाय त्या पट्टीवरची हत्यारं पहिल्याच मोठ्या लाटेला उडतील ते वेगळंच.

मेअखेरीस होडी वर काढली की सगळी हत्यारं घरी येतात. गिरगावातल्या दोन खोल्यांत चार महिने पलंगाखाली. साबणाच्या पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, तेलाच्या जुन्या सुती कपड्यात गुंडाळून. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, पावसाळ्यात कागद ओल धरतो. ती पुन्हा उघडतात खंडेनवमीला, कारण मोसम सुरू होण्याची वेळ आणि हत्यारांच्या पूजेची वेळ जवळपास एकच. चादरीवर सगळं मांडतो. सासूबाई हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं ठेवतात, आणि पाणी शिंपडायला पळी उचलली की मी त्यांचा हात धरते. दरवर्षीचा वाद आहे. अक्षता चालतील, पाणी नको. त्या म्हणतात, "समुद्रात चालतं, देवाचं चालत नाही?" मला यावर उत्तर सुचलेलं नाही. पण पूजेच्या निमित्ताने सगळं एकदम नजरेखाली येतं: कुठली पक्कड अडकते, कुठला पाना घसरायला लागलाय, मल्टिमीटरची बॅटरी किती उरलीय. तिथेच यादी होते. कुठल्या खणात काय, याचा हाताने काढलेला नकाशा, मराठीत, मोठ्या अक्षरात, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जिन्याशेजारी चिकटवतो. तांडेल काकांना, पाहुण्यांना, पोरांना, कुणालाही "दोन नंबरच्या खणातून टेप दे" म्हणता आलं पाहिजे.

शेवटचा उपप्रश्न, एकूण हत्यारं किती? लोक मग म्हादईचं, म्हणजे नौदलाच्या जगप्रदक्षिणा केलेल्या शिडाच्या होडीचं, उदाहरण देतात. दिलीप दोंदे 2009 साली ऑगस्टमध्ये मुंबईहून तिच्यावरून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2010 मध्ये परतले, वाटेत चार बंदरं घेत. अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये त्याच होडीने एकटेच, कुठेही न थांबता गेले. तिथे जे होडीवर आहे तेवढंच, वाटेत दुकान नाही. आमचं तसं नाही. किती हत्यारं न्यायची हे जवळचा मेकॅनिक किती तासांवर आहे त्यावर ठरतं. मांडवा, रेवदंडा, मुरूड इथवर बंदर कधी फार लांब नसतं, तेवढ्यासाठी वर सांगितलेलं पुष्कळ झालं. टॉर्क रेंच, ग्राइंडर, ड्रिल घरीच राहतात, ती कामं होडी वर काढल्यावर करायची. गोव्याला जायचं ठरलं तर गोष्ट वेगळी. सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपासचं अंतर, पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या, वेगाने दोन दिवसांच्या आत-बाहेर. तेव्हा एक जादा डबा चढतो: दुसरा पंप, डिझेलचे फिल्टर, इंजिनचा पट्टा, हातकरवत आणि तिची पाती, शीड शिवायच्या सुया आणि मेणाचा दोरा. परत आलो की तो डबा धुऊन पुन्हा पलंगाखाली.