तळावलीवरून जुन्या गोव्याला

सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, ३ डिसेंबरला, जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही नोव्हेनातलाच, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांतलाच, एक दिवस धरला आणि मडगावहून मध्यरात्री चालायला लागलो. शेजारच्या आंटींचा हा दरवर्षीचा नेम. मी हिंदू, पण सायबाकडे जायला कोण जात विचारतो?

कुठ्ठाळीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. हमरस्ता, ट्रक, पोटऱ्या. झुआरीचा पूल ओलांडून आगशीत चोरीस-पाव, म्हणजे गोव्याचं तिखट सॉसेज घातलेला पाव, खाल्ला, पिलारपाशी हमरस्ता सोडला, आणि उजाडल्यावर तळावलीत सांतानाची इगर्ज, म्हणजे सांत आनेचं (सेंट अ‍ॅनचं) चर्च, समोर आलं.

भाताची खाचरं, माड, चार घरं, आणि त्यात ही पाच मजली दर्शनी भिंत, दोन्ही अंगांना मनोरे. एवढ्याशा गावात एवढं मोठं काम! बांधकाम १६८१ ते १६९५ चं. नमुना मात्र त्याहून जुना, जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा, जे १६०२ मध्ये उभं राहिलं. मजल्यावर मजला चढवायची रीत युरोपातली. तिच्या अंगावर बरोक, म्हणजे भरगच्च वळणदार, नक्षी चढली ती इथल्या कारागिरांच्या हातून. आत गेल्यावर हे जास्त कळतं. वर अर्धगोल कमानीचं छत, खाली रोमन धाटणीचे खांब, आणि कोनाड्यांच्या माथ्यावर चुन्यात काढलेले पसरट शिंपले. एका शिंपल्याच्या कडेचा गिलावा उडाला होता, आतून तांबडा चिरा दिसत होता. भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटातून माणूस जाईल अशी वाट ठेवलीय. त्या वाटेने लोक कोणाच्या नजरेस न पडता पापाची कबुली द्यायला जात, असं सांगतात. एवढी सोय असेल तर मीही चार गोष्टी कबूल करेन!

आंटींना या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना आठवत होतं ते जुलैतलं तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त: मूल व्हावं म्हणून जोडपी सांत आनेला तवशी वाहतात.

तिथून आतल्या रस्त्याने जुनं गोवं. बॉं जेझू, सायबाचं शव जिथे ठेवलंय ती इगर्ज, लालबुंद दिसते, कारण तिचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकला. लोकांना तेच रूप आवडतं. मला नाही, उघडा चिरा पावसात झिजतो, म्हणून तर गोव्यात इगर्जींना चुना लावतात.

पण माझा जीव अडकला होता टेकडीवर. सेंट ऑगस्टीनचं छत १८४२ मध्ये कोसळलं, दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये गेला. उरलाय तो ४६ मीटरांचा उभा चिरलेला तुकडा. पूर्वी पाहिला तेव्हा तो मला नुसता पडका बुरूज वाटला होता. आज सकाळी तळावली पाहून आल्यामुळे कुठल्या मजल्यावर काय असणार, दुसरा मनोरा कुठे उभा असणार, सगळं बोटाने दाखवता आलं असतं. ऐकायला कोणी नव्हतं. प्रार्थनेची वेळ झाली म्हणून आंटी खालून ओरडत होत्या, "चल गो, मीस चुकतलें!"