गुडघ्याच्या उंचीवरची बर्बन

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातून ओहायो नदीवरचा पूल ओलांडला की केंटकी राज्य लागतं. तिथल्या दारूच्या दुकानात बर्बनची, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीची, मांडणी ठरलेली असते. वर कुलूपबंद कपाटात नवसाने मिळणाऱ्या बाटल्या, छातीच्या उंचीवर मध्यमवर्गीय आणि अगदी खाली, गुडघ्याशी, स्वस्तातल्या. मी गुडघ्याशी वाकणारा माणूस. परवा दोन उचलल्या: इव्हान विल्यम्स या ब्रँडची काळ्या लेबलची, 43 टक्के अल्कोहोलची, आणि तिचीच पांढऱ्या लेबलची, 50 टक्क्यांची. दोन्ही मिळून चाळीस डॉलरांच्या आत.

स्वस्त म्हटलं की आपला हात आपोआप सोड्याकडे जातो. ती सवय तिकडची. आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीतून काढलेल्या अल्कोहोलवर उभी असते. साखर कारखान्यावरून एसटीने गेलेल्या माणसाला तो वास वेगळा सांगावा लागत नाही. बर्बनला मात्र कायदा असा की खालच्या फळीचीही सुटका नाही. धान्यात निदान 51 टक्के मका हवा, पिंप ओकचं, नवंकोरं आणि आतून जाळून कोळसा केलेलं हवं, आणि बाटलीत भरताना पाण्याशिवाय काही घालायचं नाही. रंगसुद्धा नाही. पिंप बर्बनसाठी एकदाच वापरायचं, म्हणून रिकामी झालेली पिंपं जहाजाने स्कॉटलंडला जातात आणि तिथे स्कॉच मुरवतात. म्हणजे महागड्या स्कॉचवाल्यांना आमचंच जुनं भांडं! (‘आमचं’ म्हणण्याइतकी वर्षं मी इथे काढली आहेत.)

पांढऱ्या लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असं लिहिलेलं असतं. तो 1897 सालचा कायदा. तेव्हा दलाल व्हिस्कीत काहीबाही मिसळून विकत, म्हणून सरकारनेच जामीन राहायचं ठरवलं: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान 4 वर्षं मुरलेली आणि नेमकी 50 टक्क्यांची. दूधवाल्याच्या पाण्यावर आयुष्यभर संशय घेतलेल्या माणसाला हे वाचून भरून येतं.

चव घ्यायची तर लेबल न बघता, असं ठरवलं. खास ग्लास घरात नाहीत. कटिंग चहाचे काचेचे दोन काढले. ओतायचं काम बायकोकडे. ती स्वतः थेंब घेत नाही, पण लोणी कढत असताना तूप झालं की नाही हे ती बाहेरच्या खोलीतून सांगते. त्या नाकापुढे माझं काय चालणार?

मी पहिला ग्लास हुंगून जाणकाराच्या थाटात ‘व्हॅनिला, कॅरमल’ म्हणालो. तिने ग्लास घेतला, नाकाशी फिरवला. ‘‘अहो, कसलं कॅरमल? चिक्की आहे ही. गुळाचा पाक जरा पुढे गेलेली.’’ आणि खरंच, शेंगदाण्यासकट चिक्की. पाटी पुसून नवी लिहावी तसं झालं. व्हॅनिलाही खोटा नव्हता. जळलेल्या ओकमधूनच तो उतरतो. पण तो वास मी पुस्तकात शिकलो होतो, हा लोणावळ्याच्या फलाटावर.

दुसऱ्याने नाक झोंबलं. चमचाभर पाणी घातलं, पाच मिनिटं तसाच ठेवला, मग तो बोलू लागला: नव्या लाकडी कपाटाचा खण, संत्र्याची साल, थोडी दालचिनी, आणि घोट उतरल्यावर मिरी. पहिला गोड, गरीब, पाहुण्यांशी लगेच मिसळणारा. घोट संपला की विषयही संपला. दुसरा मागे रेंगाळतो. मी दुसऱ्याला निवडलं. तो पांढऱ्या लेबलचा निघाला, हे सांगताना छाती थोडी फुगली, पण 43 आणि 50 ओळखायला घसा पुरतो, नाक लागत नाही, हे कबूल करतो. तरी रोजच्या वापराला, बर्फाच्या दोन खड्यांसकट, काळीच बरी. पांढरीला वेळ द्यावा लागतो आणि बुधवारी तो नसतो.

ग्लास रात्री तसेच ओट्यावर राहिले. सकाळी ते धुवायला घेताना बायको थांबली. अल्कोहोल उडून गेलेला, तळाशी नुसता सुकलेला तपकिरी डाग. तिने एक ग्लास हुंगला, मग दुसरा.

‘‘हा,’’ पांढऱ्याचा ग्लास माझ्यापुढे धरून ती म्हणाली, ‘‘असाच मिळत नाही का? दारू नसलेला?’’